शिल्लक सौरऊर्जा आणि घरगुती किण्वन : भिलाई परिसरातील मोहफुलांच्या निमित्ताने

प्रस्तावना

फाल्गुन सरत आला की छत्तीसगडच्या रानात पहाटे मोहाची फुले गळू लागतात. त्याच सुमारास रब्बीचे पाणी संपते. ज्या शेतकऱ्याने उन्हाळी पीक घेतलेले नसते, त्याच्या शेतावरील सौर पंप बंद होतो. पंप बंद असला तरी सौर पट्ट्यांवर ऊन पडतच असते. वर्षातील सर्वाधिक प्रखर उन्हाचे हे दिवस. एकीकडे साखरेने भरलेले, लवकर खराब होणारे वनोपज आणि दुसरीकडे वापराविना वाया जाणारी वीज, असा हा योग भिलाई-दुर्ग-बालोदच्या पट्ट्यात दरवर्षी जुळून येतो. या दोहोंची सांगड घालून घरगुती किण्वनाची, म्हणजे आंबवण्याची, जुनी विद्या नव्या रूपात परत आणता येईल काय, याचा विचार या लेखात केला आहे.

'घरगुती किण्वन' म्हटले की पहिला विचार मद्याचा येतो. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून मद्याचा इतिहास, त्याविषयीचा कायदा आणि सामाजिक अनुभव आधी पाहू. नंतर ऊर्जेचे गणित आणि शेवटी मोहफुलांच्या सिरक्याची प्रत्यक्ष कृती पाहू.

परंपरा आणि तिचा खंड

मध्य भारतातील घराघरांत आंबवण्याच्या अनेक पद्धती होत्या. बस्तरमध्ये तांदळापासून लांदा करतात आणि भेर्ली माडाच्या रसापासून सल्फी मिळते. छत्तीसगडच्या मैदानी भागात रात्री पाण्यात ठेवलेला भात सकाळी बोरे बासी म्हणून खातात. २०२२ मध्ये राज्य शासनाने १ मे हा दिवस 'बोरे बासी'चा म्हणून साजरा केला. महाराष्ट्रात आंबील आणि कांजी याच कुळातील. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांमध्ये धायटीची फुले घालतात, कारण त्या फुलांबरोबर नैसर्गिक यीस्ट द्रावणात येते आणि किण्वन सुरू होते. या सर्व पद्धतींमागील जीवशास्त्र एकच आहे: सूक्ष्मजीव साखरेचे रूपांतर मद्यार्कात किंवा आम्लात करतात.

यांपैकी मद्याशी संबंधित परंपरा खंडित झाली ती प्रामुख्याने महसुलासाठी. ब्रिटिश सरकारला दारूवरील करातून मोठे उत्पन्न मिळत असे आणि घरी गाळलेल्या दारूवर कर बसवणे अवघड होते. म्हणून घरगुती गाळपावर क्रमाक्रमाने बंधने आली. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणुकीवरच निर्बंध घातले गेले. मध्य प्रांतात १९१५ चा उत्पादन शुल्क कायदा आला. १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग ही एकाच राज्यातील शहरे होती. त्यामुळे विदर्भ आणि छत्तीसगड यांचा या बाबतीतील इतिहास बराचसा सामाईक आहे.

कायदा आणि समाज

मद्य हा भारतीय राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. छत्तीसगडमध्ये १९१५ चाच कायदा, दुरुस्त्यांसह, लागू आहे. त्याखाली अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना स्वतःच्या उपयोगापुरती, ठरावीक मर्यादेत पारंपरिक दारू करण्याची सवलत आहे. ती विक्रीसाठी नाही आणि सरसकट सर्वांसाठीही नाही. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम लागू असून परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मात्र २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मोकळीक मिळाली ती फुलांना. दारूला मिळालेली नाही.

कायद्यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो या भूमीचा अनुभव. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. संघर्षानंतर खाणकामगारांची मजुरी वाढली, पण वाढलेले पैसे दारूत जाऊ लागले. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटनेनेच दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि तीत स्त्रियांचा मोठा सहभाग होता. पुढे १९८३ मध्ये याच कामगारांच्या वर्गणीतून व श्रमांतून तेथे शहीद रुग्णालय उभे राहिले. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातही जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. मोहफुलांवर उपजीविका करणारी कुटुंबे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे अनेकदा एकाच गावात, कधी एकाच घरात असतात.

म्हणून या लेखाची शिफारस स्पष्ट आहे. घरगुती किण्वनाकडे जरूर परतावे, परंतु ते मद्यापाशी थांबवू नये. एक पायरी पुढे जाऊन त्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करावा. सिरका टिकतो, स्वयंपाकात व लोणच्यात वापरता येतो आणि त्याच्या विक्रीतून घरातील कोणाचे नुकसान होत नाही. शिवाय सिरक्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागत नाही. त्यामुळे भट्टीखाली जाळावे लागणारे सरपणही वाचते.

शिल्लक वीज म्हणजे काय?

सौरऊर्जेतील 'शिल्लक' तीन ठिकाणी निर्माण होते.

पहिली शेतावर. छत्तीसगडमध्ये २०१६ पासून सौर सुजला योजनेतून प्रामुख्याने ३ व ५ अश्वशक्तीचे सौर पंप देण्यात आले. ५ अश्वशक्तीच्या पंपाला साधारणतः ४.८ किलोवॉट क्षमतेच्या सौर पट्ट्या असतात. निरभ्र एप्रिलमध्ये त्या दिवसाला सुमारे २० युनिट वीज देऊ शकतात. पंप बंद असेल तर ही वीज निर्माणच होत नाही.

दुसरी घराच्या छतावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. नेट मीटर असेल तर दुपारची जादा वीज ग्रीडमध्ये जाते आणि तिची देयकात वजावट मिळते. अशा घरी वीज 'फुकट जाते' असे म्हणता येणार नाही. वजावटीनंतरही शिल्लक उरणाऱ्या युनिटांना मिळणारा दर मात्र आपण विकत घेतो त्या दरापेक्षा बहुधा कमी असतो. म्हणून आपल्या देयकावरून हिशेब करूनच निर्णय घ्यावा.

तिसरी शिल्लक ग्रीडची. दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, ही आता देशाची अडचण आहे. राजनांदगाव जिल्ह्यात २०२४ मध्ये १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाबरोबर १२० मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी बसवली गेली ती याच कारणासाठी. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमदुरुस्तीनुसार सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे. ती शेतीच्या वीजजोडण्यांना लागू नाही. परंतु प्रक्रिया उद्योग करणाऱ्या गटांनी तिची माहिती अवश्य ठेवावी.

लहान उत्पादकाला बॅटरी परवडत नाही. परंतु ऊर्जा साठवण्याचे तीन स्वस्त मार्ग त्याच्याजवळ असतात: गरम पाणी, बर्फ आणि वाळवलेला माल. किण्वनाला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात.

किण्वनाला ऊर्जा कोठे लागते?

वाळवण : ताज्या मोहफुलात सुमारे ७५ टक्के पाणी असते. १० किलो ताजी फुले १२ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळवायची म्हणजे सुमारे ७ किलो पाणी उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास अंदाजे ०.६५ युनिट उष्णता लागते. म्हणजे केवळ वाफेसाठीच साडेचार युनिटांहून अधिक, आणि यंत्रातील नासाडी धरली तर त्याच्या दुप्पट. यातून एक धडा मिळतो: विजेने वाळवू नये. वाळवण्याचे काम उन्हाला द्यावे आणि विजेवर फक्त सौर वाळवणी यंत्रातील पंखा चालवावा. फुले जमिनीवर पडू न देता झाडाखाली जाळी बांधून गोळा केली व झाकलेल्या वाळवणीत वाळवली, तर त्यांत माती व खडे येत नाहीत आणि अन्न म्हणून त्यांना चांगला भाव मिळू शकतो.

तापवणे : फुलांचा अर्क काढण्यासाठी आणि नको असलेले जंतू मारण्यासाठी पाणी ८० अंशांपर्यंत तापवावे लागते. ६० लिटर पाणी ३० वरून ८० अंशांवर नेण्यास ३.५ युनिट लागतात.

थंड ठेवणे : ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. किण्वन होताना द्रावणातून उष्णता बाहेर पडते. ६० लिटर द्रावणातील ६ किलो साखर आंबताना निघणारी उष्णता बाहेर गेलीच नाही, तर द्रावणाचे तापमान सुमारे १३ अंशांनी वाढेल. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतात. ३७ अंशांपुढे ते दुबळे होते आणि किण्वन अर्धवट थांबते. एप्रिल-मेमध्ये भिलाईचा पारा ४२ अंशांपुढे जातो. उन्हाळ्यात लावलेले आंबवण अनेकदा बिघडते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. हवा कोरडी असताना ओल्या गोणपाटावरून वारा गेला की गोणपाट थंड होते. ४२ अंश तापमान आणि १५ ते २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर ओल्या पृष्ठभागाचे तापमान २२ ते २४ अंशांपर्यंत उतरू शकते. भांड्याभोवती ओले गोणपाट आणि समोर ५० वॉटचा पंखा, एवढ्यावर आतील द्रावण ३० अंशांच्या आसपास राखता येते. पंख्याला आठ तासांत केवळ ०.४ युनिट लागते. विशेष म्हणजे थंडाव्याची गरज आणि सूर्याची वीज दोन्ही दुपारीच असतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही. तेव्हा दुपारच्या विजेवर बर्फ करून तो बाटल्यांतून भांड्याभोवतीच्या पाण्यात ठेवावा. १० किलो बर्फास साधारणतः एक ते सव्वा युनिट पुरते.

मोहफुलांचा सिरका : कृती

प्रमाण : १ किलो स्वच्छ वाळलेल्या फुलांना ६ लिटर पाणी. वाळलेल्या फुलांत साधारणतः ६० टक्के साखर धरली, तर द्रावणात सुमारे १० टक्के साखर येते. फुले याहून अधिक घालण्याचा मोह टाळावा. मद्यार्क वाढला की सिरक्याच्या जिवाणूंचे काम मंदावते.

१. फुलांतील पुंकेसर, काडीकचरा व बुरशी लागलेली फुले काढून टाकावीत. फुले थंड पाण्यात झटपट धुवावीत.

२. दुपारी १२ ते ३ या वेळात पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात फुले घालावीत व भांडे झाकून अर्धा तास ठेवावे. नंतर गाळून अर्क ३० अंशांपर्यंत निववावा.

३. पावासाठी मिळणारे कोरडे यीस्ट, किंवा शक्य असल्यास वाइनसाठीचे, लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात भिजवून मिसळावे. भांडे तीन-चतुर्थांशच भरावे. झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे, म्हणजे वायू बाहेर जातो पण हवा आत येत नाही. भांडे घट्ट बंद करू नये; वायूच्या दाबाने ते फुटू शकते.

४. सहा ते आठ दिवसांत बुडबुडे थांबतात. गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे द्रावण अलगद काढून घ्यावे. या द्रावणात सुमारे ५ ते ६ टक्के मद्यार्क असतो. ते साठवू नये. त्याच दिवशी पुढील टप्प्यात न्यावे.

५. द्रावणाच्या चौथ्या हिस्स्याइतका, न तापवलेला जिवंत सिरका विरजण म्हणून घालावा. आता हवेची गरज असते. म्हणून रुंद तोंडाचे भांडे घेऊन त्यावर दाट विणीचे स्वच्छ कापड बांधावे, जेणेकरून चिलटे आत जाणार नाहीत. तापमान २५ ते ३० अंश राखावे. पृष्ठभागावर साय धरते. ती मोडू नये. चार ते आठ आठवड्यांत सिरका तयार होतो.

६. आम्लता तपासावी. खाद्य सुरक्षा मानकांनुसार किण्वित सिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल हवे. ५ मिलि सिरका पाण्यात विरळ करून फिनॉल्फ्थॅलिनच्या साहाय्याने ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करावे. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरला ०.१२ टक्के आम्ल धरावे, म्हणजे ३१.३ मिलि वा अधिक लागल्यास सिरका मानकात बसतो.

७. गाळलेला सिरका ७० अंशांवर २० मिनिटे ठेवून काचेच्या निर्जंतुक बाटल्यांत भरावा. पुढील विरजणासाठी थोडा सिरका न तापवता वेगळा ठेवावा.

ऊर्जेचा ताळेबंद

१० किलो वाळलेली फुले आणि ६० लिटर पाणी असा एक घाणा धरू. अर्कासाठी तापवणे ३.५ युनिट, शेवटी ७० अंशांपर्यंत तापवणे सुमारे २.८ युनिट. दोन्ही मिळून ६.३ युनिट, म्हणजे ५ अश्वशक्तीच्या पंपाच्या पट्ट्या एका स्वच्छ दिवसात देऊ शकतील त्या विजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पंखा ४५ दिवस रोज आठ तास चालवला तर १८ युनिट. एकूण २५ युनिटांच्या आत घाणा पूर्ण होतो. हेच तापवण्याचे काम उघड्या चुलीवर केले तर उष्णतेचा फार मोठा भाग हवेत जातो आणि धुराचा त्रास बहुधा घरातील स्त्रियांना होतो. विजेचा खरा लाभ येथे आहे. तो पैशांत मोजण्याआधी सरपणात आणि श्वासात मोजावा.

सावधगिरी

• पंपाच्या नियंत्रकातून निघणारी वीज घरगुती उपकरणांसाठी नसते. तिची वारंवारिता उन्हाप्रमाणे बदलते. पंपाव्यतिरिक्त अन्य कामांसाठी 'युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर' हा वेगळा नियंत्रक मिळतो. तो पुरवठादार व राज्य अक्षय ऊर्जा यंत्रणेच्या संमतीनेच बसवावा, अन्यथा हमी व अनुदान अडचणीत येऊ शकते.

• सौर पट्ट्यांची डीसी तार स्वतः तोडून हीटरला जोडू नये. डीसी विजेची ठिणगी सहजासहजी विझत नाही आणि साध्या बटणाने ती तुटत नाही. आग लागण्याचा व जिवाचा धोका असतो.

• ॲल्युमिनियम, तांबे, पितळ व लोखंडाची भांडी वापरू नयेत. आम्लाने धातू सिरक्यात उतरतो. काच, उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा अन्नासाठी योग्य प्लॅस्टिक वापरावे. चकाकी दिलेल्या मातीच्या बरण्यांत शिशाचा अंश असू शकतो; खात्री नसेल तर त्या टाळाव्यात.

• घरी ऊर्ध्वपातन करू नये. ते परवान्याविना बेकायदा तर आहेच, शिवाय बंद जागेत मद्यार्काची वाफ पेट घेते.

• सिरक्याच्या पहिल्या टप्प्यात मद्यार्क तयार होतोच. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयाचे लेखी मत घ्यावे. विक्री करायची असल्यास खाद्य सुरक्षा नोंदणी करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ही पद्धत गावात नेताना एकेका घराऐवजी महिला बचत गटापासून आरंभ करावा. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. परवानगी एकदाच घ्यावी लागते, आम्लता तपासणीचे साहित्य सामाईक वापरता येते आणि मद्यार्काच्या टप्प्यातील द्रावण वाटेत 'गळण्या'वर चार डोळ्यांची नजर राहते. दल्ली राजहरा आणि गडचिरोलीचा अनुभव पाहता ही नजर महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षी एकच लहान घाणा घ्यावा. रोजचे तापमान, वापरलेले युनिट आणि अंतिम आम्लता यांची वही ठेवावी. ज्या गावात मोह नाही तेथे जांभूळ, ऊस किंवा बोंडू यांच्या रसावर हीच तत्त्वे लागू होतात. फक्त साखरेचे प्रमाण मोजून सुमारे १० टक्क्यांवर आणावे.

समारोप

हंगामात मोहफुले वेचणाऱ्या कुटुंबाला रोख पैशाची निकड असते. फुले साठवण्याची सोय नसेल तर मिळेल त्या भावात ती विकावी लागतात. सिरका या व्यवहारात दोन महिन्यांचा अवकाश निर्माण करतो, आणि तो अवकाशच सौदा करण्याची ताकद देतो. त्यासाठी लागणारे ऊन, फुले आणि आंबवण्याचे ज्ञान या प्रदेशात पूर्वीपासून आहे. आता शेतावरील पट्ट्याही आहेत. पुढील फाल्गुनात पंप बंद करताना त्या पट्ट्यांना कोणते काम देता येईल, याचा विचार शेतकरी बंधू-भगिनींनी आतापासूनच करावा.